सावरखोऱ्याचं बियाणं: सहा ऋतूंच्या साहसमालिकेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

२०२३ च्या गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये आम्ही सहाजणांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत मिळून गोष्ट रचायच्या खेळाचं नवं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी साहसमालिका, सुरू केलं. पाच खेळाडू, आणि गोष्ट चालवणारा डीएम मी. खेळाडूंची ओळख पटू नये म्हणून त्यांना इथे पात्रांवरूनच ओळखू या: रेंजर (रानवाटा जाणणारा), क्लेरिक (देवतेची पुजारीण), विझार्ड (जादूगार), फायटर (लढवय्या) आणि चोर. दोघांबद्दल मात्र थोडं सांगायला हवं, कारण पुढचं बरंचसं त्यांच्याभोवती घडलं. रेंजर खेळणारे वयाने आमच्यात सगळ्यात मोठे, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांच्या घरी मुळशीकडे भातशेती आहे. क्लेरिक खेळणारी मैत्रीण शिफ्टच्या नोकरीत आहे, त्यामुळे तिचा शनिवार तिच्या हातात नसतो.

आमची आधीची दोन कॅम्पेन अर्ध्यावर सुटली होती. कारण दोन्ही वेळा तेच होतं. महिन्यातून एकदाच भेटायचं आणि गोष्ट मात्र दर आठवड्याला भेटणाऱ्यांसाठी रचलेली. मागच्या वेळी कोण कुणाला काय म्हणालं, हे आठवण्यातच पहिला तास जायचा. म्हणून या वेळी ऋतूला एक साहस, साहसाला दोन सेशन म्हणजे बैठका, महिन्याला एक शनिवार असा हिशोब बांधला. त्या वर्षी अधिक श्रावण होता. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंतचा तो महिना पंचांगानेच आम्हाला मोकळा दिला, आणि पुढे तो फार उपयोगी पडला.

माझ्या पहिल्या आराखड्यात चारच ऋतू होते आणि शेवटचा बर्फाचा होता. कॅम्पेनआधीच्या बोलणीत, म्हणजे सेशन झिरोला, मी विचारलं की बर्फ पडताना कुणी पाहिलाय? एकच हात वर झाला. दादा म्हणाले, “अरे, मला वैशाखातलं कोरडं टाकं माहितीये. त्याची भीती घाल की.” तिथेच चार ऋतूंचे सहा झाले आणि परदेशी गाव जाऊन सह्याद्रीसारखं एक कल्पित खोरं आलं. फाल्गुनात लाल फुलणाऱ्या सावरीवरून त्याचं नाव सावरखोरं ठेवलं. पंचांगातले ऋतू आपल्या पावसाशी नेमके जुळत नाहीत. ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म, आणि आपल्याकडे मृगापासून पावसाची वाट बघतात. ती फट मी मुद्दाम तशीच ठेवली. पाऊस वेळेवर येईल की नाही, हा प्रश्न त्या फटीतच राहतो.

आणखी एक गोष्ट त्या वर्षीच जमण्यासारखी होती. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. त्यामुळे नियमांची मराठी पानं करून ती वाटताना मनात शंका उरली नाही.

साहसांची जोड मी अशी रचली होती: प्रत्येक ऋतूत खोऱ्यावर एक संकट येतं, सगळ्यामागे एकच मांत्रिक असतो, आणि प्रत्येक साहसाच्या शेवटी एका फुटलेल्या ताम्रपटाचा एक तुकडा सापडतो. शिशिरात सहा तुकडे जुळले की मांत्रिकाचं नाव वाचता येणार. मार्चअखेरीपर्यंत सहाही साहसं लिहून तयार होती.

काय घडलं

वसंताचं साहस बेतल्याप्रमाणे झालं. राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करताना, जमिनीतून आगीची भुतं उठली, पात्रं पहिल्या लेव्हलवरून दुसऱ्यावर गेली, पहिला तुकडा मिळाला.

ग्रीष्मात खोऱ्यातलं टाकं आटलं होतं. उन्हाचा नियम मी काटेकोर लावला: पिण्याचं पाणी नसेल तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशनची सेव्ह (काटकपणाचा, बचावाचा फासा), पहिल्या तासाला पाचची, पुढे दर तासाला एकाने वाढत जाणारी. हुकली की थकव्याची एक पायरी, आणि सहाव्या पायरीवर मरण. टाक्याच्या तळाशी दुसरा तुकडा होता. पण तिथे पोचायच्या आधी पार्टीला, म्हणजे पात्रांच्या टोळीला, खिंडीत घाटापलीकडून आलेली एकशेचाळीस उपाशी माणसं भेटली. माझ्या कागदावर ती एक लढाई होती, नाहीतर फार तर वाट चुकवून जायचा प्रसंग. क्लेरिकने दोन्ही नाकारलं. ती म्हणाली, “आपण यांना जेवू घालू.”

पार्टी गावात परतली. धान्याच्या अकरा पेवांपैकी सात उघडली, तरी पुरेना. मग क्लेरिक घरोघर फिरली. पर्सुएशनचा, म्हणजे मन वळवण्याचा, फासा १९ आला आणि मला त्या यशाला साजेसं वर्णन करावंसं वाटलं. मी म्हणालो, “बायका माळ्यावर चढतात. पेंढ्यात आवळून बांधलेले मुडे खाली सोडतात आणि तुमच्यापुढे ठेवतात.”

सगळे खूश झाले. फायटरने टाळ्या वाजवल्या. दादा मात्र पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

“अरे, माळ्यावरचा मुडा म्हणजे बियाणं.”

मुडा हा शब्द मी कुठेतरी ऐकलेला, कानाला गोड लागला म्हणून वापरलेला. त्यात पुढच्या वर्षीच्या पेरणीचं भात ठेवतात, याचा मी विचारच केला नव्हता. दादांनी पुन्हा विचारलं, “तेच दिलं का आपण?”

मी “हो” म्हणालो.

हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा उरला. क्लेरिक खेळणारी हळूच म्हणाली, “म्हणजे आता पेरायला काहीच नाही?” ही जूनच्या शेवटच्या आठवड्याआधीची गोष्ट. बाहेरही पाऊस नव्हता. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. आमच्या टेबलावरचा तो गप्पपणा निव्वळ खेळातला नव्हता, असं मला आजही वाटतं.

अडचण

घरी जाऊन मी वर्षा ऋतूचं साहस उघडलं. चौदा पानं. आवणी (भाताच्या रोपांची लावणी) चालू आहे, चिखलात वाकलेल्या बायकांपैकी एकीला डोहातलं काहीतरी ओढून नेतं, अशी सुरुवात. पण बियाणं नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर आवणी नाही. शरदाचं साहस कापणीच्या उत्सवात घडत होतं, हेमंताचं भरलेल्या कणग्यांवर पडलेल्या दरोड्याचं होतं. माझ्या एका “हो”ने चार साहसांचा पाया गेला होता.

दुसरी अडचण शोधायला मी स्वतःच गेलो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की ताम्रपटाच्या दुसऱ्या तुकड्यावर काय कोरलं होतं? पाचांपैकी फक्त विझार्डला आठवत होतं, तेही त्याने टिपून ठेवलं होतं म्हणून. मग विचारलं, खोऱ्यातली किती पेवं उरली? चौघांचं उत्तर पाच मिनिटांत आलं: चार. चोर खेळणाऱ्याने वर लिहिलं, “आणि मुडे शून्य.”

मी जी जोड म्हणून रचली होती ती कुणाच्या डोक्यात राहिली नव्हती, आणि चुकून बोलून गेलो होतो ती सगळ्यांना पाठ होती. मालिकेची खरी अडचण ही होती. बियाणं नसणं हे तिचं लक्षण होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. पुढच्या सेशनला म्हणायचं की माझी चूक झाली, मुड्यांत खायचं भात होतं, बियाणं वेगळं आहे. डीएमला हे म्हणता येतं, आणि कधी कधी म्हणायलाच हवं. मी दादांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “तुझा खेळ आहे, तू म्हणशील तसं. पण त्या गप्पपणानंतर परत घेतलंस तर पुढे तू काहीही सांगितलंस तरी मी घाबरणार नाही.” मला ते पटलं. परिणाम मागे घेता येतो हे एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक निर्णयाचं वजन कमी होतं.

दुसरा पर्याय वरवरच्या दुरुस्तीचा. शेजारच्या गावाने बियाणं उसनं दिलं असं एका वाक्यात सांगायचं, आवणी होऊ द्यायची, चौदा पानं वाचवायची. वेळेच्या दृष्टीने हा सर्वांत स्वस्त, आणि खरं सांगायचं तर दोन दिवस मी याच बाजूला होतो. सोडला तो अशासाठी की खोऱ्याला बियाणं मिळवून देणं हे एका वाक्यात उरकण्यासारखं काम नव्हतंच, तेच साहस होतं. ते मी पडद्यामागे उरकून टाकलं असतं आणि खेळाडूंना डोहातल्या अशा जनावराशी लढवलं असतं, ज्याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

तिसरा, एक वर्ष पुढे उडी मारायची. दुष्काळ सरला, खोरं सावरलं, आता पुन्हा वर्षा ऋतू. यात लिहिलेलं सगळं वापरता आलं असतं. पण मग ज्याला आपण मालिका म्हणतो ती राहतच नाही. ओळीने ठेवलेली सुटी साहसं उरतात.

चौथा पर्याय म्हणजे उरलेली चारही साहसं बाजूला ठेवायची आणि जोड मांत्रिकाकडून काढून खोऱ्याकडे द्यायची. प्रत्येक ऋतूच्या शेवटी खोऱ्याकडे काय उरलं, त्यातून पुढचा ऋतू निघेल. ही कल्पना माझी नाही, या छंदात ती जुनी आहे. ग्रेग स्टॅफर्डच्या पेन्ड्रॅगन या अशाच खेळामध्ये, १९८५ पासून, वर्षाला साधारण एक साहस होतं आणि मग हिवाळ्याचा टप्पा येतो. त्यात जमिनीचं उत्पन्न, घरातले जन्म-मृत्यू, सरदाराचं वाढतं वय यांचे फासे पडतात. १९८७ च्या आर्स मॅजिकामध्ये तर जादूगाराचा वेळ मोजतातच ऋतूंनी. एक ऋतू ग्रंथाला, एक प्रयोगशाळेला. दोन्हीकडे साहस आणि साहस यांच्यामधला काळ हा खेळाचाच भाग आहे. मी तो काळ आजवर फक्त रिकामा महिना म्हणून पाहत होतो.

चौथा निवडला. अधिक महिन्यामुळे तयारीला तीन आठवडे जास्त मिळाले. ते नसते तर मी बहुधा दुसऱ्या पर्यायावर घसरलो असतो.

काय केलं

एक शंभर पानी वही आणली. वर “खोऱ्याची वही” लिहिलं आणि पाच रकाने आखले: भात, बियाणं, माणसं, पाणी, देणं. ऋतू संपला की शेवटची वीस मिनिटं फासे बाजूला ठेवून खेळाडूंनीच ती भरायची, मी नाही. देणं या रकान्यात उधारी, शपथा, उपकार, वैर सगळं. ग्रीष्माचं पान त्यांनी मागच्या तारखेने भरलं. माणसांमध्ये “एकशेचाळीस आले, जेवून गेले” अशी ओळ आहे.

दुसरी गोष्ट, दोन साहसांच्या मधे प्रत्येकाने आपल्या पात्राने त्या दिवसांत काय केलं, ते एक-दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमधून सांगायचं. त्यावर फासा नाही. चोराची पहिली नोट अशी होती की तो रोज संध्याकाळी उरलेली पेवं मोजून येतो, कारण त्याला झोप लागत नाही.

वर्षा ऋतूचं साहस नव्याने लिहिताना मी आधी दादांना विचारलं की अशा वेळी माणसं काय करतात? त्यांनी जे सांगितलं तेच साहस झालं. उशीर झाल्यावर गरवं भात पेरून उपयोग नाही. त्याला चार-साडेचार महिने लागतात आणि ते पिकायच्या आत पाऊस सरतो. हळवं हवं, जे शंभरेक दिवसांत हाती येतं. म्हणून मी नकाशावर दोन गावं टाकली. एक दोन दिवसांवर, तिथे गरवं बियाणं भरपूर. दुसरं पाच दिवसांवर, तीन नद्यांपलीकडे, तिथे हळवं. कुठे जायचं ते मी सांगितलं नाही. पार्टीने पाऊण तास वाद घातला आणि लांबचं गाव निवडलं. त्या पाऊण तासात एकही फासा पडला नाही, तरी पूर्ण मालिकेतला माझा सर्वांत आवडता भाग तोच.

हवामानासाठी पंचांग घेतलं. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं हे आपल्याकडे घरोघरी वाचतात. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो आणि वाहनं नऊ आहेत, तेव्हा दहा बाजूंचा फासा चालतो. दहा आलं की पुन्हा टाकायचा. हत्ती, म्हैस किंवा बेडूक आला तर धो धो पाऊस: मशाली विझतात आणि नजरेवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला (हेरण्याच्या फाशाला) डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोनदा टाकून कमी आकडा धरायचा. मोर, गाढव, उंदीर यांना मध्यम पाऊस. कोल्हा आणि मेंढा म्हणजे ओढ. घोडा आला की पाऊस डोंगरावर पडतो, अशी समजूत आहे. तिचा मी असा अर्थ लावला की खाली आभाळ उघडं असेल आणि नदी मात्र फुगलेली. प्रत्येक वाहनाचे दोन परिणाम लिहिले, एक वाटेवरचा आणि एक शेतातला. ओढ बसली तर चालणं सोपं, पण खोऱ्यातला चिखल तडकतो. त्यामुळे कुठलंही वाहन आलं तरी निखळ आनंद कुणालाच होत नसे.

पुष्याला, ज्याला गावाकडे म्हातारा पाऊस म्हणतात, हत्ती आला. आश्लेषाला घोडा. स्वच्छ उन्हात पार्टी तिसऱ्या नदीपाशी पोचली, पाणी दिसायला शांत होतं, आणि वरून लोंढा आला. आठ पोती घेऊन निघाले होते. तीन वाहून गेली, उरलेली पाच भिजली. विझार्डने वहीत बियाण्यासमोर शून्य लिहायला घेतलं.

दादा म्हणाले, “थांब. भिजलेलं भात म्हणजे वाया गेलेलं भात नव्हे. मोड आणू आणि रहू टाकू.”

रहू म्हणजे मोड आलेलं बियाणं थेट चिखलात फेकून पेरणं. त्यात रोपवाटिकेचे दिवस वाचतात. मला हे माहीत नव्हतं. मी खेळ थांबवून त्यांच्याकडून नीट समजून घेतलं आणि नेचरचा (निसर्गज्ञानाचा) फासा न मागता ते मान्य केलं. नुकसान म्हणून ठेवलेली घटना त्यांनी वेळ वाचवणारी करून दाखवली होती. पाच पोत्यांत दोन पंचमांश खाचरं पेरून झाली.

मघाला मेंढा आला. तो ऑगस्टअखेरचा शनिवार होता. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. फासा पडल्यावर दादा काही न बोलता बाल्कनीत गेले आणि त्यांनी घरी फोन लावला. आम्ही दहा मिनिटं थांबलो. आत आल्यावर म्हणाले, “चला, पुढं.”

चुकलेला निर्णय: समई

वर्षा ऋतूच्या दोन्ही सेशनना क्लेरिक खेळणारी येऊ शकली नाही. न आलेल्याचं पात्र काय करतं, याचा नियम आम्ही ठरवलाच नव्हता. मी म्हटलं, क्लेरिक सोबत आहे, गप्प आहे, गरज पडली तर तिचे मंत्र फायटरने वापरावेत. त्या वेळी हे सोयीचं वाटलं.

हळव्या भाताच्या गावात बियाण्याची किंमत पार्टीला परवडेना. फायटरने सगळ्यांच्या सामानाच्या याद्या चाळल्या आणि क्लेरिकच्या कॅरेक्टर शीटवरची चांदीची समई विकली. ती तिच्या देवतेची होती, तिच्या गुरूने दिलेली. मी विचारलं, “नक्की?” कुणीतरी म्हणालं, “ती असती तर तिने स्वतःच दिली असती.” मी होऊ दिलं.

ऑक्टोबरमध्ये, शरदाच्या पहिल्या सेशनला ती आली. शीट उघडली आणि विचारलं, “माझी समई कुठाय?”

आम्ही सांगितलं. ती सेशनभर नीट खेळली, पण कमी बोलली. त्यात माझी आणखी एक चूक उघडी पडली: तोवर मी अनुभवगुण हजेरीप्रमाणे देत होतो, म्हणून बाकीचे चौघे २७०० पार करून चौथ्या लेव्हलला होते आणि ती तिसऱ्यावरच. ज्या निर्णयाने सगळी मालिका वळली तो तिचा होता, आणि टेबलावर सर्वांत मागे तीच होती.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. समई परत मिळवायचं एखादं छोटं साहस करू का, असं विचारलं. ती म्हणाली, “समईचं काही नाही रे. तिने दिलीच असती. पण ती काय म्हणाली असती हे मला कुणी विचारलं नाही. एक मेसेज केला असतात तरी चाललं असतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली आणि दोन गोष्टी त्याच दिवशी बदलल्या. अनुभवगुण बंद करून साहस संपलं की सगळ्यांची लेव्हल एकत्र वाढवायची. आणि जो येणार नाही त्याचं पात्र खोऱ्यात थांबतं. त्याच्या वस्तूंना, मंत्रांना, शब्दाला कुणी हात लावायचा नाही. तिच्या मनात काय होतं तेही विचारलं. तिने शरद पूर्ण केला आणि सांगितलं की शिफ्टमुळे टेबलावर यायला आता जमणार नाही, पण क्लेरिक खोऱ्यात अन्नछत्र चालवेल आणि ती व्हॉइस नोट पाठवत राहील. हेमंतात दोन नोटा आल्या, फार सुंदर होत्या. शिशिरात आली नाही. मीही मागितली नाही, आणि ते बरोबर केलं का याबद्दल माझं मन अजून एका बाजूला बसत नाही.

शरद ते शिशिर

पुढचं थोडक्यात सांगतो. शरदात थोडं भात आलं आणि गडावरचा किल्लेदार आपला वाटा मागायला आला. पार्टीने त्याच्यापुढे वहीच वाचून दाखवली आणि अर्ध्यावर तडजोड केली. हेमंत भुकेचा गेला. त्यात एक वाघासारखं जनावर होतं, पण खरा प्रश्न उरलेल्या दोन पेवांची राखण कुणी करायची हा होता.

शिशिराला मी शेवट म्हणून किल्लेदाराशी मोठी लढाई बेतली होती. सेशनच्या सुरुवातीला विझार्डने सवयीने वही पहिल्या पानापासून चाळली आणि देणं रकान्यातली एक ओळ वाचली: “खिंडीतल्या म्हातारीने शपथ घेतली, एक भात आमच्याकडून.” जूनमध्ये त्या म्हातारीच्या तोंडी हे मीच घातलं होतं आणि विसरलो होतो. विझार्डने विचारलं, “हे लोक आहेत का अजून?”

मी लढाईची पानं बाजूला ठेवली. पार्टी घाट उतरून गेली. घाटापलीकडेही वर्ष वाईटच गेलेलं, त्यामुळे द्यायला भात नव्हतं. म्हातारी वारली होती. तिच्या मुलाने तीस माणसं आणि सहा बैलजोड्या दिल्या, राब भाजण्यापासून आवणीपर्यंत. शिशिराच्या शेवटी सावरखोऱ्यात पुन्हा राबासाठी पालापाचोळा गोळा होत होता आणि त्यात दोन्हीकडची माणसं होती. दोन सेशनमध्ये मिळून एकच लढाई झाली, तीही तीन फेऱ्यांची.

निष्पत्ती

पाडव्यानंतर सुरू झालेली मालिका ९ एप्रिल २०२४ च्या पाडव्याआधी पूर्ण झाली. आमच्या टेबलावर शेवटापर्यंत गेलेलं हे पहिलं कॅम्पेन. पाचांपैकी चारजण शेवटपर्यंत टेबलावर होते. हेमंतापासून सेशनच्या सुरुवातीचा आठवण्याचा तास उरला नाही; वहीचं मागचं पान मोठ्याने वाचायला चार मिनिटं लागत.

ताम्रपटाचं काहीच झालं नाही. दोन तुकडे विझार्डच्या पिशवीत राहिले. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, “हे कुणाचं नाव होतं?” मी सांगितलं की ते आता कुणाचंच नाही. त्याला वाईट वाटलं. त्याने प्रत्येक अक्षर टिपून ठेवलं होतं.

आज केलं असतं तर

मांत्रिकाचा धागा सोडल्याचं मी जुलैमध्येच सगळ्यांना उघड सांगायला हवं होतं. दिशा बदलली हे डीएमच्या मनात असून चालत नाही. जो खेळाडू जुन्या धाग्यावर मेहनत घेतोय त्याच्या हातातून तो सांगून घ्यावा लागतो.

गैरहजेरीचा नियम सेशन झिरोलाच ठरवला असता. ऋतूंच्या मालिकेत हा नियम साध्या कॅम्पेनपेक्षा जास्त महत्त्वाचा, कारण दोन सेशन चुकले की पूर्ण ऋतू चुकतो, आणि खोरं तेवढ्यात बदललेलं असतं. पात्र खोऱ्यात थांबलं तर त्याला तिथे काम द्यायला हवं, नुसतं थांबवून चालत नाही. रहू टाकायला खाचरं तयार करून ठेवली ती क्लेरिकने, असं मी वर्षा ऋतूत सहज ठरवू शकलो असतो. वहीतली ती ओळ तिच्या नावावर लागली असती.

सहा साहसं आधी लिहून ठेवणार नाही. एक पूर्ण, पुढच्याचं एक पान, बाकी कोरं. मात्र ऋतूंची चौकट, म्हणजे कधी राब, कधी पेरणी, कधी आवणी, कधी झोडणी, आधी नीट अभ्यासून ठेवेन. दादा नसते तर माळ्यावरच्या मुड्यांचा अर्थ कुणालाच कळला नसता, आणि तो शब्द नुसता शोभेला राहिला असता. प्रत्येक टेबलावर दादा नसतात. ज्याला किनाऱ्यावरच्या गावाची मालिका करायची असेल त्याने नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या का ओढून ठेवतात ते एखाद्या कोळ्याला आधी विचारावं, मग समुद्रातला राक्षस लिहावा.

“हो” मात्र तसंच म्हणेन. फक्त म्हणण्याआधी टेबलाला विचारेन: हे असंच घ्यायचं का? परिणाम सगळ्यांना भोगायचा होता, आणि ठरवला मी एकट्याने.

वही माझ्याकडे आहे. शिशिराचं शेवटचं पान दादांच्या अक्षरात आहे. भात: दीड पेव. माणसं: तीस जास्त. पाणी: टाकं अर्धं. देणं: म्हातारीच्या मुलाला एक आवणी. बियाणं: अकरा मुडे, माळ्यावर, आणि त्यापुढे कंसात, “हात लावू नये.”